बिस्किटं कोणी खाल्ली

बियाबाईंनी ते बिस्किट तयार करायला सव्वा वर्ष घालवलं होतं, आणि त्या सव्वा वर्षात त्यांनी ते एकदाही चहाबरोबर खाल्लं नव्हतं. चाखलं होतं हजारदा. पण चाखणं वेगळं आणि खाणं वेगळं. चाखताना माणूस डोळे मिटतो, जीभ टाळूला लावतो, वहीत काहीतरी लिहितो आणि उरलेला तुकडा बशीत ठेवून देतो. खाताना तो गिळावा लागतो.

बियाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात नवा माल तयार करून बघायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घातला की किल्लीच्या आधी भोपळ्याच्या बिया बाहेर यायच्या. त्यावरून भट्टीवरच्या कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाई सेहेचाळीस वर्षांच्या, अंगाने आटोपशीर, चालायला भरभर. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात त्या आणि सासूबाई.

स्त्रियांसाठी बिस्किट काढायची कल्पना मालकांची. मालक माणूस भला, पण लाजाळू. पाळी हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. ते म्हणायचे, "महिन्याचं कामकाज." पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की आपण महिन्याच्या कामकाजासाठी काहीतरी करायला हवं, तेव्हा गोदामबाबू उठून महिन्याच्या मालाची वही घेऊन आले. मालक लाल झाले. मग बियाबाईंनीच स्वच्छ शब्दांत सगळ्यांना समजावलं, आणि गोदामबाबूंनी ती वही हळूच मांडीखाली सरकवली.

बियाबाईंनी मन लावून अभ्यास केला. जवसात आणि तिळात अशी काही द्रव्यं असतात की ती बाईच्या शरीरातल्या संप्रेरकांची दुरून नक्कल करतात. भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम आणि जस्त. सोयाबीनमध्ये आणखी काही. या सगळ्याने पाळीतली पोटदुखी कमी होते का? कोणी म्हणे होते, कोणी म्हणे कळत नाही. बियाबाईंनी मालकांना सांगितलं की होईलही, नाहीही. बायकांना खायला घालून विचारल्याशिवाय समजणार नाही. आणि विचारायचं तर अर्ध्या बायकांना साधं बिस्किट द्यावं लागेल, म्हणजे फरक दिसेल.

"साधं देऊन वर हे औषधी म्हणून सांगायचं?" मालकांना ते पटेना. "बायकांना फसवायचं? आपल्या कारखान्यात?"

त्यामुळे वीसच्या वीस बायकांना खरं बिस्किट मिळालं. रोज दोन, तीन महिने. प्रत्येकीला एक नंबर आणि एक वही. वहीत रकाने: पाळीची तारीख, पोटदुखी, कंबरदुखी, चिडचिड, झोप. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे भिंतीवर डोकं आपटावंसं वाटणं. कारखान्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून बियाबाईंनी एकेक बाई गोळा केली. दर आठवड्याला त्या पाकिटांची पिशवी खांद्याला लावून निघायच्या, लिफ्ट बंद असली तर पाच-पाच मजले चढायच्या, आणि दारात उभ्या राहून धापा टाकत विचारायच्या, "काय, कसं वाटतंय?" सगळ्या म्हणायच्या, छान वाटतंय. बियाबाईंचा चेहरा असा उजळायचा की समोरच्या बाईला आणखी एकदा छान म्हणावंसं वाटायचं.

तीन महिन्यांनी वह्या परत आल्या आणि कारखान्यात आनंदीआनंद झाला. प्रत्येक वहीत पोटदुखीचे आकडे जिना उतरल्यासारखे खाली आले होते. आठाचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन. मालकांनी त्याच दिवशी खोक्याचं चित्र काढायला सांगितलं. गुलाबी रंग, खिडकीत बसून विनाकारण हसणारी एक बाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत: वीसपैकी वीस स्त्रियांना आराम.

बियाबाई दोन दिवस हवेत चालत होत्या. तिसऱ्या दिवशी टेबलाखालची पेन्सिल काढायला वाकल्या, तर पायाला पाकीट लागलं. बिस्किटांचं, न उघडलेलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: नंबर अकरा, दुसरा महिना, पूर्ण. म्हणजे अकरा नंबरला दुसऱ्या महिन्याची बिस्किटं पोचलीच नव्हती. त्या महिन्यात बियाबाईंचा पाय मुरगळला होता, महिन्याभराचं वाटप भट्टीवरच्या एकाने एकदमच केलं होतं, आणि हे पाकीट राहून गेलं होतं.

त्यांनी अकरा नंबरची वही काढली. दुसरा महिना उघडला. तारीखवार, नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: दोन बिस्किटं खाल्ली. फार आराम. दोन बिस्किटं खाल्ली. फारच आराम.

बियाबाईंनी ते पान तीनदा वाचलं. मग पाकीट पिशवीत घातलं आणि निघाल्या.

अकरा नंबरची बाई शिंपीण होती. रस्त्यालगत तिचं दुकान, मागे घर. बियाबाई पोचल्या तेव्हा ती एका बाहुलीच्या अंगावर कोट बेतत होती आणि तिच्या ओठांत सात-आठ टाचण्या होत्या. बियाबाईंनी पाकीट कापायच्या टेबलावर ठेवलं. शिंपिणीने पाकिटाकडे पाहिलं, त्यावरचा महिना वाचला, आणि तिला सगळं कळलं. पण तोंडात टाचण्या. तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली, आणि इतक्या सावकाश खोचली की बियाबाईंना वाटलं, ही आता एखादी मुद्दाम आत ठेवणार.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "दुसऱ्या महिन्याचं सोडा. पहिल्या महिन्याची तरी मी कुठे खाल्ली?"

"मग कोणी खाल्ली?"

शिंपिणीने मागच्या पडद्याकडे मान वळवून हाक मारली, "मामंजी, जरा येता का?"

पडद्याआडून तिचे सासरे आले. वय अठ्ठ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. बियाबाई कोण हे कळताच त्यांनी आधी तक्रार नोंदवली: दुसऱ्या महिन्यात माल आला नाही, त्यामुळे नोंदींत खंड पडला. मग ते आत गेले आणि वही घेऊन आले. सुनेने आपली वही खोटी भरली, तरी त्यांनी स्वतःची एक वेगळी आखून घेतली होती. चाळीस वर्षं रकाने भरलेला माणूस, बिस्किटाबरोबर रकान्यांचा कागद आला म्हटल्यावर तो मोकळा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बियाबाईंनी वही उघडली. चिडचिड: सकाळी दोन, पाणी गेल्यास सहा. झोप: उत्तम. कंबरदुखी: सातावरून पाच. पोटदुखी: नाही, मात्र तिसऱ्या दिवशी पोट साफ. पाळीची तारीख, या रकान्यात त्यांनी माल आलेले साठही दिवस, न चुकता, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: लागू नाही.

बियाबाईंना हसू की रडू कळेना. सव्वा वर्षाच्या कामात आतापर्यंत ही एकच वही खरी निघाली होती.

त्या तिथून तीन नंबरकडे गेल्या. तीन नंबर बसचालक होती, दणकट बांध्याची, मोठ्या आवाजाची. बस आगारात उभी होती आणि ती पायरीवर बसून डबा खात होती. बियाबाईंनी सरळच विचारलं. तिने डबा बाजूला ठेवला, बियाबाईंना बसमध्ये नेलं आणि तिसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती खिडकी म्हणे वर्षभर खडखडत होती. कागद कोंबला, चिंधी कोंबली, काही टिकेना. मग बाईंचं बिस्किट कोंबलं. अडीच महिने झाले, खिडकीने हूं की चूं केलं नाही. बियाबाईंनी ते बिस्किट नखाने उचकटून काढलं आणि उजेडात धरून पाहिलं. कड शाबूत होती. बुरशी नाही, भुगा नाही. मन खट्टू झालेलं असतानाही कुठेतरी आत त्यांना बरं वाटलं, की माल टिकाऊ झालाय. खिडकी लगेच खडखडायला लागली, म्हणून त्यांनी ते परत जागेवर बसवलं.

आठ नंबर परिचारिका होती. ती रात्रपाळी करून आली होती आणि जांभया देत होती. तिने बिस्किटं टाकली नव्हती, हे ती दोनदोनदा सांगत राहिली. कुत्र्याला घातली होती. कुत्र्याने खाल्ली नाहीत, पण त्यालाही भीड पडली असावी, कारण त्याने एकही बिस्किट तिच्यासमोर सोडलं नाही. तो ते तोंडात धरून अंगणात न्यायचा आणि पुरायचा. बियाबाईंनी खिडकीतून पाहिलं. अंगण नांगरल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत बियाबाईंनी तेरा घरं केली, उरलेली दुसऱ्या दिवशी. एकीच्या जावेने पाहुण्यांना दिली होती. पाहुणे परत आले नाहीत. एकीने नणंदेला भेट म्हणून दिली होती, आणि त्यामागचा हेतू काही चांगला नव्हता. वीसपैकी नेमाने बिस्किटं खाल्लेली एकच निघाली, सोळा नंबरची पोहायला शिकवणारी बाई. तिला पाण्यातून बाहेर आल्यावर इतकी भूक लागायची की समोर येईल ते ती खायची. तिचं दुखणं आठाचं सहावर आलं होतं. पण त्याच महिन्यात तिने गादीही बदलली होती.

सगळ्यांनी खोटं का लिहिलं, याचं उत्तर मात्र उरलेल्या एकोणीस घरांत एकच होतं. तुम्ही इतके जिने चढून यायचात. इतक्या आशेने बघायचात. तोंडावर कसं सांगणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. या बहिणीने बियाबाईंचं सव्वा वर्ष भिकेला लावलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला, दोन कपांत ओतला, आणि पिशवीतलं पाकीट फोडून एक बिस्किट चहात बुडवलं. दहापर्यंत मोजून काढलं. ते ओलं झालं नव्हतं. पुन्हा बुडवलं, वीसपर्यंत मोजलं. बिस्किट होतं तसंच राहिलं, चहाला मात्र वास आला. रंगाऱ्याने दार रंगवल्यावर घरात दोन दिवस जो वास राहतो, तो. बियाबाईंना तो वास चांगला माहीत होता. रंगात घालायचं तेल निघतं ते जवसाचंच. भरडलेलं जवस फार दिवस ठेवलं की असाच वास मारतं, हे त्या नव्या मुलींना शिकवायच्या. आपल्या बिस्किटात तो त्यांना कधी आला नव्हता, कारण रोज त्याच वासात बसलेल्या माणसाला तो येत नाही.

त्यांनी सासूबाईंना विचारलं की आई, तुम्हालाही मी पाकीट दिलं होतं, तुम्ही का नाही बोललात.

"पहिल्याच दिवशी बोलले होते," सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालीस, आई, हे चवीसाठी नाहीये. मग मी कशाला तोंड उघडू? आधीच त्यात ते बिस्किट होतं."

दुसऱ्या दिवशी बियाबाई मालकांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. मालकांच्या हातात खोक्याचं चित्र होतं. ते बराच वेळ त्या खिडकीतल्या बाईकडे बघत बसले. मग त्यांचं डोकं व्यापाऱ्यासारखं चालू लागलं. एका पुरुषाची कंबर सातावरून पाचवर आली ना? मग पुरुषांसाठी काढू. बियाबाई नाही म्हणाल्या. बरं, वीसपैकी एकीला तरी आराम पडला ना? तेवढंच छापू, आकडा लहान करू. बियाबाई त्यालाही नाही म्हणाल्या. मग मालक जरा चिडले आणि म्हणाले, चवीचं एवढं काय, औषध म्हटलं की लोक काहीही गिळतात.

बियाबाईंनी खिशातून पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "साहेब, मग तुम्ही एक गिळून दाखवा."

मालकांनी अर्धं बिस्किट एकदम तोंडात टाकलं. चावलं. चावत राहिले. मधेच फोन वाजला, त्यांनी उचलला, आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत असताना ते नुसतेच डोळे मोठे करून चावत राहिले. फोन बंद झाला. त्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा चावलं, आणि अखेर हात वर करून शरण आले. पण खोक्याचं चित्र त्यांनी फाडलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं.

बियाबाईंचं पुढचं म्हणणं असं होतं, की वीसही बायकांना कारखान्यात बोलवायचं. त्यांच्यासमोर बिस्किट करायचं, आणि त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. मालकांनी एका सुट्टीच्या वारी परवानगी दिली. स्वतः मात्र येणार नाही म्हणाले. मग आपल्याच भट्टीवर आपण नसणं बरं दिसणार नाही असं वाटून आले, आणि मैद्याच्या मोठ्या पिंपामागे खुर्ची टाकून बसले. टपालातले सासरेही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते म्हणाले की चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी नियमित सदस्य मीच आहे.

बियाबाईंनी सुरुवातीलाच नियम सांगितला: आज जी खोटं बोलेल, ती सगळे ट्रे घासेल. ट्रे चाळीस होते, आणि जळके.

आधी सगळ्या ट्रेंकडे बघत राहिल्या. मग शिंपीण म्हणाली की खरं सांगू का, ते चावताना मला बुटाचा तळवा आठवायचा. ती म्हणाली आणि जणू तुंबलेली मोरी मोकळी झाली. एक म्हणाली वास, एक म्हणाली रंग, एक म्हणाली की दाढेत तीळ अडकायचा तो दुसऱ्या दिवशी निघायचा. पोहणारी बाई म्हणाली की मला काही वाईट लागलं नाही, तेव्हा सगळ्यांनी तिला गप्प बसवलं. बियाबाई एका हाताने लिहीत होत्या आणि दुसऱ्या हाताने रजिस्टरच्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

परिचारिकेने विचारलं, "बाई, तुम्हाला हे कधीपासून होतंय?"

"हे? भट्टीमुळे होतं," बियाबाई म्हणाल्या.

"भट्टी बंद आहे."

सगळ्यांनी भट्टीकडे पाहिलं. भट्टी थंडगार होती. बियाबाईंनी तोंड उघडलं, नियम आठवला, चाळीस ट्रेंकडे एकदा पाहिलं आणि कबूल केलं की सात महिने झाले, अंगातून वाफा निघतात, पाळी कधी दोन महिने येत नाही तर कधी पंधरा दिवसांत येते, आणि परवा त्या गोदामबाबूंवर एका रिकाम्या डब्यावरून इतक्या ओरडल्या की ते बिचारे घरी गेले. बायकांच्या पोटदुखीवर सव्वा वर्ष संशोधन करणाऱ्या बाईला स्वतःचं वय मोजायला वेळ मिळाला नव्हता. त्यावर निम्म्या बायका हसल्या, आणि उरलेल्या निम्म्यांनी, ज्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या, आपापल्या वाफांची माहिती द्यायला सुरुवात केली.

मग खऱ्या आकड्यांवर गाडी आली. प्रत्येकीने आपला खरा आकडा सांगायचा. कोणी पाच म्हणाली, कोणी सहा. बसचालक बाईचा नंबर आला तेव्हा ती नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, बारीक आवाजात बोलली.

"नऊ. कधी कधी दहा. सिग्नल लाल लागला की बरं वाटतं, स्टिअरिंगवर डोकं टेकता येतं."

बियाबाईंनी तिची वही चाळली. तिथे शेवटी तीन लिहिलं होतं. त्यांनी ते पान तिच्यापुढे धरलं.

"तीन लिहिलं होतंस तू."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, ताई."

परिचारिकेने जांभई अर्ध्यात गिळली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि एकेक विचारू लागली. किती दिवसांपासून? दोन वर्षं. रक्तस्राव किती? तिने सांगितलं. दुखणं पाळीपुरतंच की एरवीही? एरवीही. परिचारिका उठली आणि म्हणाली की हे बिस्किटाचं काम नव्हे, उद्या सकाळी तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं, आणि सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या साहेबांशी मी बोलते. तिचा आवाज असा होता की बसचालक बाईनेसुद्धा नुसती मान हलवली.

पिंपामागे मालक उभे राहिले होते. ते वर आपल्या खोलीत गेले, खण उघडल्याचा आवाज आला, आणि कागद फाडल्याचा. मग ते परत येऊन खुर्चीवर बसले. खुर्ची आता पिंपामागे नव्हती, बायकांच्या बाजूला होती.

त्यानंतर बिस्किट करायला घेतलं. बायकांच्या मागण्या साध्या होत्या, पण बियाबाईंना सव्वा वर्षात त्यातली एकही सुचली नव्हती. त्या दिवसांत कडक काही चावावंसं वाटत नाही, मऊ हवं. आडवं पडून एका हाताने खाता आलं पाहिजे. गादीवर भुगा पडता कामा नये. गोड हवं, पण मिट्ट नको. जवस रोजच्या रोज भाजून भरडायचं, म्हणजे रंगाऱ्याचा वास येणार नाही. सोयाबीन कमी, खजूर जास्त, थोडा कोको. भोपळ्याच्या बिया वरून लावायच्या, म्हणजे ज्यांना नको त्यांना काढून टाकता येतील.

मालक हळूहळू रंगात आले. सकाळपासून त्यांनी तो शब्द चाळीसेक वेळा ऐकला होता, आणि चाळीस वेळा ऐकलेला शब्द किती वेळ लाजवणार? मिक्सर धडधडत होता, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि मालकांना वाटत होतं की कणीक अजून घट्ट आहे. ते बियाबाईंना ओरडून सांगू लागले. त्यांना ऐकू येईना. ते आणखी मोठ्याने ओरडले. त्याच क्षणी कोणीतरी मिक्सरचं बटण बंद केलं, आणि मालकांचा आवाज सगळ्या कारखान्यात आणि अर्ध्या रस्त्यावर घुमला:

"अहो, पाळी आलेल्या बाईला कुरकुरीत नको, मऊ हवं!"

मागच्या दारात चार हमाल मैद्याची पोती पाठीवर घेऊन उभे होते. ते जागच्या जागी थांबले. मालक भट्टीपेक्षा लाल झाले. हमालांमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाने पोतं हळूच खाली ठेवलं, कंबर सरळ केली आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे साहेब. आमच्या घरीही मऊच लागतं."

दुसरी चाचणी बियाबाईंनी त्यांच्या पद्धतीने केली. दहाजणींना बियांचं बिस्किट, दहाजणींना तसंच दिसणारं साधं, आणि कोणाला काय मिळालंय हे कोणालाच ठाऊक नाही. या वेळी मालकांनी हरकत घेतली नाही. ते म्हणाले की आधी सांगून ठेवलं तर ती फसवणूक नव्हे. शिवाय वह्यांच्या पहिल्या पानावर छापलं होतं: बाईंना वाईट वाटणार नाही. वह्या परत आल्या त्या वाचण्यासारख्या होत्या. एकीने लिहिलं होतं, "पोट दुखलं ते दुखलंच, बिस्किट मात्र चांगलं होतं." दुसरीने, "आज नवऱ्याशी भांडले. यात बिस्किटाचा दोष नाही." टपालातल्या सासऱ्यांना या खेपेला अधिकृतपणे वगळलं होतं, तरी त्यांची वही आलीच, वर निषेधाच्या पत्रासह.

बियांच्या दहाजणींपैकी पाचजणींना जरा बरं वाटलं होतं. साध्या बिस्किटाच्या दहाजणींपैकी चारजणींना. बियाबाईंनी मालकांना सांगितलं की यावरून काहीच म्हणता येत नाही. वीस बायका फार थोड्या, तीन महिने फार थोडे. मालकांनी उसासा टाकला आणि विचारलं की मग खोक्यावर लिहायचं काय. त्यावर दोघं दुपारभर बसले आणि शेवटी लिहिलं ते असं:

"जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि खजूर घातलेलं मऊ बिस्किट. चवीला चांगलं. पाळीच्या दिवसांत काहींना बरं वाटतं, काहींना वाटत नाही. फार दुखत असेल तर हे खात बसू नका, डॉक्टरांकडे जा."

छापणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं की मजकूर नक्की हाच ना. हाच, मालक म्हणाले.

बसचालक बाईच्या गर्भाशयात गाठ निघाली, लिंबाएवढी, साधी. डॉक्टरांनी ती काढली आणि तिला सहा आठवडे घरी बसवलं. बियाबाई दर आठवड्याला तिच्याकडे जायच्या, हात हलवत, पाकीट न घेता. पहिल्या दिवशी तिने दार उघडलं आणि बियाबाईंनी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं की आज बरं नाही, टाके ओढतात, आणि तुम्ही चहा चांगला करत नाही, मी सांगते तसा करा. बियाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी चहा तीनदा केला.

बिस्किट बऱ्यापैकी खपतं. फार नाही, बऱ्यापैकी. शाळेच्या मुलांना आवडतं, हमाल नेतात, आणि खोक्यावर काय लिहिलंय ते बहुतेक लोक वाचत नाहीत. पण त्या वीस बायकांना कारखान्याची सवय लागली ती लागलीच. दर सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या भट्टीघरात जमतात. चाचणी संपलीय, वह्या कपाटात गेल्यात, कोणी बोलावत नाही, तरी जमतात. सासूबाईही येऊ लागल्यात आणि सगळ्यांच्या आधी येऊन चांगली खुर्ची धरतात. मालकांनी सुरुवातीला विचारून पाहिलं की आज काय काम आहे. काम काही नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि भट्टीघराची एक किल्ली शिंपिणीकडे देऊन टाकली.